४२९४९६७२९७ ही मूळ संख्या आहे का?

अंकवेडा: दोन दिवस या एकाच संख्येच्या मागे लागलोय. २^३२ + १ म्हणजे ४२९४९६७२९७. १०० च्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघितलं, एकीनेही भाग जात नाही, मग गणितज्ञ फर्माची टेस्ट लावली म्हणजे २ चा (संख्या वजा १) एवढा घात घेऊन त्याच संख्येने भागायचं, तर बाकी बरोब्बर १ आली. मग मूळच म्हणायची ना? की वर्गमूळापर्यंत, म्हणजे ६५५३६ पर्यंतच्या सगळ्या ६५४२ मूळ संख्यांनी भागत बसायचं?

बाकीशून्य: नाही, मूळ नाहीये. ६४१ × ६७००४१७, दोन्ही अवयव मूळ. संख्या मूळ असेल तर बाकी १ येणारच, पण १ आली म्हणून संख्या मूळ असं नसतं. आणि इथे २ पाया घेऊन काहीच कळणार नाही कारण बघा, संख्याच २^३२ + १ आहे म्हणून २^३२ ची बाकी −१ (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी), वर्ग केला की २^६४ ची बाकी १, आणि तुमचा घात आहे २^३२, त्याला ६४ ने भाग जातो. झालं, १ येणारच! ३ पाया घेऊन करा.

विषम_पद: यात खुद्द फर्माही चुकलाय. २ चे घात १, २, ४, ८, १६ घेऊन त्यात १ मिळवला की ३, ५, १७, २५७, ६५५३७ येतात, पाचही मूळ, त्यावरून त्याला वाटलं पुढेही असंच चालणार. १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलरने ६४१ शोधला. ६५४२ भागाकार लागतच नाहीत, कारण हिचा कुठलाही मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवूनच येतो हे त्यानेच पुढे सिद्ध केलं. म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१, पाचव्या भागाकाराला सापडला.

भागाकार न करताही दाखवता येतं, मला हे फार आवडतं. ६४१ ने भागायचंय. ६४० = ५ × २^७, त्याची बाकी −१. चौथा घात घ्या, ५^४ × २^२८ ची बाकी १. पण ५^४ म्हणजे ६२५ = ६४१ − १६, म्हणून ५^४ च्या जागी −२^४ चालतो. म्हणजे −२^३२ ची बाकी १, म्हणजेच २^३२ + १ ला ६४१ ने भाग जातो.

वर्गमूळ२: अजून एक. मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून फार तर एकाच रीतीने लिहिता येते. ही ६५५३६² + १² तर आहेच, पण ६२२६४² + २०४४९² पण आहे. करून बघा.

अंकवेडा: केलं, बरोबर येतंय!! ३ पाया घेऊन बाकी ३०२९०२६१६० आली. ६४१ ची सिद्धता वहीत उतरवून घेतली, खूप आभार. आता २^६४ + १ घेतोय, तिथे १२८ च्या पटीत १ मिळवत जायचं ना?

विषम_पद: हो, पण सरळ २५६ च्या पटी घ्या, निम्मं काम वाचेल. २७४१७७ ला भाग जाईल.