रात्रीच दाढ का ठणकते

सावंत काका (बी ४०२): कोणाकडे लवंगेचं तेल आहे का, रात्री दीडपासून दाढ ठणकतेय, दिवसा काही नाही पण आडवा झालो की सुरू

पाटील वहिनी (ए १०३): आहे काका, वॉचमनबरोबर पाठवते. कापसावर एकच थेंब घ्या, हिरडीला चटका बसतो

सेक्रेटरी: आज टाकी धुणार, ११ ते २ पाणी नाही 🙏

डॉक्टर ताई (सी २०१): काका, आडवं झालं की डोक्याकडे रक्त जास्त येतं. आपण नस नस म्हणतो ना तो दाताच्या आतला पल्प, त्यात नसा रक्तवाहिन्या सगळंच आलं आणि तो चारी बाजूंनी डेंटिनमधे, म्हणजे दाताच्या आतल्या कडक थरात कोंडलेला, गुडघा सुजला तर फुगतो तरी, याला फुगायला जागाच नाही. मुळाच्या टोकाला बारीक भोक तेवढं. म्हणून ठण ठण

सावंत काका: पण वरून फक्त काळा ठिपका दिसतोय हो

डॉक्टर ताई: तोच!! वरचं इनॅमल हाडापेक्षा टणक, ९६% खनिज, तिथे कीड हळू जाते. खालचं डेंटिन त्यामानाने मऊ आणि त्यात पल्पपर्यंत बारीक नळ्या, त्यामुळे वर टाचणीएवढं भोक आणि आत सगळं पोखरलेलं. इनॅमल परत येत नाही, ते बनवणाऱ्या पेशी दात वर येतानाच संपतात

देशमुख (ए ३०४): उपटून टाका काका, ३२ मधली एक गेली तर काय 😄

डॉक्टर ताई: दादा प्लीज. वाचण्यासारखी असेल तर रूट कॅनाल करतात, पल्प काढतात, मुळं राहतात. आणि मुळं हाडाला थेट चिकटलेली नसतात, मधे धाग्यांचा पातळ थर असतो, भातात खडा आला की लगेच कळतं ते त्याच्यामुळेच

पाटील वहिनी: ताई आमच्या पिल्लूला सहावं लागलंय, मागे नवीन दाढ दिसतेय, दुधाचीच ना? पडेलच ती

डॉक्टर ताई: नाही नाही, कायमची! दुधाच्या २० दातांच्या मागे येते, काही न पडता, म्हणून सगळ्यांचा हाच घोळ होतो. ब्रश तिथपर्यंत पोचवा

सावंत काका: तेल लावलं, बरं वाटतंय. आता यायला हवं का

डॉक्टर ताई: लवंगेने नस बधिर होते काका, कीड तिथेच आहे. ६ ला या

सेक्रेटरी: दातांमुळे टाकीचा मेसेज वर गेला, परत टाकतोय, ११ ते २ पाणी नाही

सावंत काका: मग गुळण्या कशाने करू