चर्चा: फौजेतल्या अ‍ॅस्बेस्टॉसची भरपाई, पुरावा कुणी द्यायचा?

कुरुंदवाडचा_भाचा

माझे मामा युद्धनौकेवर स्टोकर होते, म्हणजे बॉयलर सांभाळणारे. १९७० च्या दशकातलं वाफेवर चालणारं जहाज. बॉयलर खोलीतल्या पाइपांना उष्णता अडवायला अ‍ॅस्बेस्टॉसचं लॅगिंग गुंडाळलेलं असायचं. पाइप गळला की ते हातानं सोलायचं, काम झालं की नवं थापायचं. वर डेकवर आलो की भुवया दळपाच्या गिरणीतल्यासारख्या पांढऱ्या, असं मामा हसून सांगायचे. तेव्हा त्यांच्या जहाजावर कुणी त्या धुळीला फारसं भीत नव्हतं.

रिटायर होऊन आले, ऊस केला, म्हशी केल्या. तीसेक वर्षं कसली तक्रार नाही. मग जिना चढताना धाप. आधी टीबीची औषधं झाली, मग छातीत पाणी, शेवटी बायोप्सीत मेसोथेलियोमा, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. त्यानंतर अकरा महिने. पेन्शनसाठी मामी गेल्या तेव्हा प्रश्न एकच: आजार नोकरीत असताना झाल्याचा कागद आहे का? (कुठलं ऑफिस ते लिहीत नाही, तिथला माणूस नियमच वाचून दाखवत होता.)

हा आजार धूळ छातीत गेल्यावर २० ते ५० वर्षांनी उगवतो. नोकरीतला कागद असणार कुठून? ब्रिटननं डिसेंबर २०१५ मध्ये मेसोथेलियोमा झालेल्या माजी सैनिकांना १,४०,००० पौंड एकरकमी घ्यायची सोय केली. माझं म्हणणं एवढंच, की माणूस अशा जागी नोकरीला होता हे दिसलं आणि हा आजार निघाला, तर संबंध आहे असं धरूनच चालावं. नाही म्हणायचं असेल तर सरकारनं सिद्ध करावं. पोस्टिंगची रेकॉर्डं त्यांच्याच कपाटात आहेत.

सुभेदार_टाकळी

मामांचं ऐकून वाईट वाटलं. पण बाळा, पटलं नाही. मी २८ वर्षं फौजेत काढली. आज अ‍ॅस्बेस्टॉस म्हणशील, उद्या जनरेटरचा धूर, परवा तोफेच्या आवाजानं कान गेले. सगळंच धरून चालायचं म्हटलं तर मेडिकल बोर्ड कशाला बसवायचा? बीपी-शुगरवर डिसॅबिलिटी लावून गावात मिरवणारे मी डोळ्यांनी बघितलेत. त्यांच्यापायी खऱ्या जखमी जवानाकडंसुद्धा लोक संशयानं बघतात. दार सताड उघडलं की पहिला कोण घुसतो ते तुला ठाऊक नाही, मला आहे.

रंकाळा_फेरी

आमच्या आजोबांनी जन्मभर विड्या ओढल्या, ८८ व्या वर्षी गेले. तुमचे मामा ओढत होते का? ते आधी सांगा.

कुरुंदवाडचा_भाचा

ओढत होते. पण मेसोथेलियोमाचा विडीशी संबंध नाही. साधा फुफ्फुसाचा कॅन्सर असता तर तुमचा प्रश्न रास्त होता, कारण तिथं विडी आणि अ‍ॅस्बेस्टॉस मिळून धोका कित्येक पटींनी वाढतो. तरीही मग अर्धा दोष धुळीचा उरतोच की.

कसबा_बावडा_वकील

कायद्यात काय आहे ते सांगतो, मग भांडा.

कर्मचारी भरपाई कायदा १९२३ चा (२०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावलाय). त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात अ‍ॅस्बेस्टॉसिस (त्या धुळीनं होणारा फुफ्फुसाचा आजार) हा व्यवसायजन्य आजार म्हणून आहे. पण त्याच कायद्यात सशस्त्र दलांच्या जवानांना 'कर्मचारी' या व्याख्येतून वगळलंय. म्हणजे गोदीत तोच पाइप सोलणारा सिव्हिलियन फिटर या कायद्यात बसतो, शेजारी उभा असलेला स्टोकर बसत नाही. त्याला वाट डिसॅबिलिटी पेन्शनची. सेवेमुळं झालेला किंवा सेवेनं बळावलेला आजार पाहिजे आणि अपंगत्वाची टक्केवारी किमान २०.

सुभेदारसाहेब, धरून चालणं ही गोष्ट नवी नाही. २०१३ च्या धरमवीर सिंग निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलंय, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान धडधाकट होता असंच धरायचं, सिद्ध करायचा बोजा त्याच्यावर नाही, आणि बोर्डानं नकाराची कारणं लिहायला हवीत. घोडं अडतं ते रिटायर झाल्यावर उगवणाऱ्या आजारात. नियमांत उशिरा दिसणाऱ्या आजाराची सोय आहे, पण ठरावीक वर्षांपुरती. मेसोथेलियोमा त्या मुदतीत मावतच नाही.

भाच्या, तुमचंही एक दुरुस्त करतो. ब्रिटनचा दाखला देताना हे पण सांगा, की १९८७ पर्यंत तिथल्या सैनिकाला अशा इजेसाठी सरकारवर दावाच लावता येत नव्हता. ती रक्कम म्हणजे औदार्य कमी, जुनं देणं जास्त.

शिरोली_मोल्डर

सगळं खरं ओ, पण फौजीच का? मी फौंड्रीत आहे. शेक-आऊटला, म्हणजे साचा फोडून माल काढताना, वाळू उडते तेव्हा समोरचा माणूस दिसत नाही. भट्टीजवळ जुन्या लोकांनी अ‍ॅस्बेस्टॉसचे हातमोजे वापरलेत, दोरी वापरली. इचलकरंजीत मागवाल्याच्या छातीत कापूस, साखर कारखान्यावर बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची धूळ. वकीलसाहेब म्हणतात त्या परिशिष्टात ही पण नावं असतीलच. मिळाली का कुणाला भरपाई? माझ्या ओळखीत एकाला पण नाही. फौजीला निदान पेन्शन आहे, कँटीन आहे, ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची दवाखान्याची योजना आहे. आमचा माणूस खोकायला लागला की ठेकेदार दुसरा आणतो.

कसबा_बावडा_वकील

आहेत, बगॅसोसिस (बगॅसच्या धुळीचा) आणि बिसिनोसिस (कापसाच्या धुळीचा) दोन्ही. १९९५ साली सुप्रीम कोर्टानं अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा सुटल्यावर १५ वर्षं, जे नंतर येईल तोवर जपायला सांगितलं. प्रमाणित रुग्णाला १ लाख रुपये. ३० वर्षं झाली. तुमच्या फौंड्रीत एखाद्या रिटायर मोल्डरची फाईल आहे का, बघा विचारून.

शिरोली_मोल्डर

हजेरीचा मस्टर मिळाला तरी पेढे वाटीन.

मंगळवार_पेठ_मावशी

माझे वडील गोदीत लॅगर होते, पाइपांना लॅगिंग गुंडाळायचे, मुंबईला. आम्ही चाळीत. ते आले की आई गॅलरीत उभी राहून त्यांचे कपडे झटकायची आणि मगच भिजत घालायची. वडिलांना काही झालं नाही, वयानं गेले. आईच्या छातीच्या फोटोत डाग निघाले. डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही कुठं कामाला होता? ती म्हणाली, मी घरीच होते. तिचं पोस्टिंग कुठल्या कपाटात सापडणार?

पूरग्रस्त_२०१९

मावशी, काटा आला. पण मी वेगळंच म्हणतो. भरपाईचं भांडण म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणं. आपल्याकडं अ‍ॅस्बेस्टॉसची खाण बंद, पण रशियातून येतंय अन् पत्रे होतायत. शिरोळ तालुक्यात २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला पूर ओसरल्यावर सिमेंट पत्र्याच्या तुकड्यांचे ढीग रस्त्याला पडले होते. पोरं त्यावर नाचत होती, जेसीबी चुरा करत होता. शाबूत पत्रा फारसं काही करत नाही, तंतू सिमेंटमध्ये अडकलेले असतात. कापला, भोक पाडलं, फोडला की सुटतात. आधी बंदी, मग पैशाचं बोला.

कुरुंदवाडचा_भाचा

बंदी आणा की, मी कुठं अडवलंय? पण उद्या बंदी आली तरी १९७५ ला छातीत गेलेली धूळ बाहेर येत नाही. ज्यांना २०३० ला कळणार त्यांचं काय?

मोल्डरभाऊंना मात्र मी चुकीचं म्हणणार नाही. मी फौजेचं बोललो कारण मामा फौजेत होते. मावशींच्या आईंचा तर मी विचारच केला नव्हता.

कसबा_बावडा_वकील

सुभेदारांच्या भीतीवर एक मधली वाट आहे. अमेरिकेतही अ‍ॅस्बेस्टॉसला सरसकट धरून चालत नाहीत. पण त्यांच्या माजी सैनिक खात्याकडं नौदलातल्या कामांची यादी आहे, कुठल्या हुद्द्याला संपर्काची शक्यता किती. बॉयलरवाला वरच्या रांगेत, कारकून खालच्या. अशी यादी असली तर बीपी-शुगरवाला घुसत नाही आणि मामींना चाळीस वर्षांपूर्वीचा कागद शोधावा लागत नाही.

सुभेदार_टाकळी

यादीला माझी ना नाही. सरसकटला आहे, अजून आहे.

काल रात्री एक आठवलं. १९८४-८५ असंल. जुन्या बराकींचे एसी शीट, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे, उतरवायला आमचं सेक्शन लावलं होतं. वरनं खाली टाकायचो, फुटायचे, मग फावड्यानं ट्रकात. चार दिवस. नाकातोंडात पीठ. कुणी ऑर्डरची कॉपी ठेवतंय का असल्या कामाची? सात जण होतो. मला काही झालेलं नाही, लिहून ठेवतो. दोघांचे नंबर आहेत माझ्याकडं.

कसबा_बावडा_वकील

फोन लावाल तेव्हा युनिट, ठिकाण, महिना आणि काय काम केलं ते एकमेकांचं कागदावर घ्या. सहीसकट. आणि साहेब, छातीचा फोटो काढून घ्या एकदा.