भारतीय पासपोर्टवर वर्षभराची पृथ्वीप्रदक्षिणा : तुमचे अनुभव लिहा

आठ-दहा महिने किंवा वर्षभर सलग फिरून आलेल्यांसाठी हा धागा. प्रवासवर्णनं इतरत्र भरपूर आहेत. इथे कामाचं तेवढंच लिहा: कागदपत्रं, पैसे, गाडी, औषधं, खाणं. गाडं कुठे अडतं आणि का, तेही सांगा.

*

पासपोर्टपासून सुरुवात करतो. ३६ पानी पुस्तिका वर्षभर पुरवणं कठीण, ६० पानी मागून घ्या. जुन्या पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर दोन्ही पुस्तिका जवळ ठेवा.

खरी मेख व्हिसाच्या क्रमात आहे. बऱ्याच वकिलाती तुम्ही जिथे राहता त्या देशातूनच अर्ज घेतात. पेरूतल्या लिमात बसून फ्रान्सचा व्हिसा काढू, ही आशा सोडा. त्यामुळे अमेरिका, कॅनडा, ब्रिटन हे लांब मुदतीचे व्हिसा निघण्याआधी भारतातून काढायचे. शेंगेनचा (युरोपातल्या बहुतेक देशांचा मिळून एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या फार तर ६ महिने आधी करता येतो, म्हणून युरोप शेवटी ठेवला की पंचाईत होते. तो पहिल्या टप्प्यात उरका. व्हिएतनाम, केनिया अशा ऑनलाइन परवानगीवाल्या देशांचं वाटेत बघता येतं.

अमेरिकेचा व्हिसा चालू असेल तर मेक्सिको आणि जॉर्जियाला वेगळा लागत नाही, तुर्कस्तानचा ई-व्हिसाही मिळतो. अमेरिकेचा व्हिसा नसेल तर मात्र लॉस एंजेलिसला नुसतं विमानही बदलता येत नाही. तिथल्या विमानतळांवर इमिग्रेशन न करता पुढे जायची सोयच नाही. अशांनी प्रशांत महासागर चिलीतल्या सांतियागोहून ऑकलंड किंवा सिडनीला जाणाऱ्या विमानाने ओलांडावा.

*

वर शेंगेनचा विषय निघालाय त्यात भर. कुठल्याही १८० दिवसांत फार तर ९० दिवस मुक्काम, हा हिशेब रोज पुढे सरकतो. १ जानेवारीला पाटी कोरी होत नाही. आलेला आणि निघालेला, दोन्ही दिवस मोजतात. क्रोएशिया २०२३ पासून आणि रोमानिया-बल्गेरिया २०२५ पासून पूर्णपणे आत आलेत, त्यामुळे तिथे जाऊन दिवस वाचवायची जुनी युक्ती संपली. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर चेहऱ्याचा फोटो घेऊन संगणकीय नोंद सुरू झाली आहे. पुसट शिक्क्यावर वेळ मारून नेणं विसरा. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा.

*

विमान कंपन्यांच्या गटांची जगप्रदक्षिणेची तिकिटं: दिशा एकच, अटलांटिक आणि पॅसिफिक एकेकदाच, सुरुवात-शेवट एकाच देशात, मुदत १ वर्ष. तारीख बदलणं सोपं असतं, मार्ग बदलला की पुन्हा आकारणी. एखादं उड्डाण न कळवता सोडलं तर पुढची सगळी रद्द होतात. व्हिसाची वाट बघत फिरणाऱ्याला ही बेडीच वाटेल. माझं मत सुट्या तिकिटांकडे. फक्त एकेरी तिकीट बघून काउंटरवर पुढचं तिकीट मागतात, रद्द करता येण्याजोगं एखादं काढून ठेवा.

*

स्वतःची मोटारसायकल नेणार असाल तर कार्ने हवा, म्हणजे आयातशुल्क न भरता गाडी तात्पुरती परदेशात नेण्याचं कस्टमचं पुस्तक. मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडे मिळतो, मुदत १ वर्ष, गाडीच्या किमतीच्या प्रमाणात अनामत किंवा बँक गॅरंटी. प्रत्येक पानाचे तीन भाग: एक गाडी देशात शिरताना कस्टमवाला फाडून घेतो, दुसरा बाहेर पडताना, स्थळप्रत पुस्तकात राहते. स्थळप्रतीवर दोन्ही शिक्के बघितल्याशिवाय खिडकी सोडू नका. बाहेर पडल्याचा शिक्का राहिला तर गाडी त्याच देशात विकली असं धरून आयातशुल्क मागतात आणि अनामत अडकते. चासी आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी अक्षरशः जुळला पाहिजे, ओ आणि शून्याची गल्लत तपासा.

पनामा आणि कोलंबियामध्ये डेरियनच्या जंगलात सुमारे १०० किमी रस्ताच नाही. गाडी पनामातल्या कोलोनहून कोलंबियातल्या कार्ताहेनाला कंटेनरमधून जाते. टाकी जवळजवळ रिकामी, बॅटरीची वायर काढलेली. ऑस्ट्रेलियात उतरवायची तर टायरच्या खाचा, रेडिएटरच्या जाळ्या, मडगार्डची आतली बाजू ब्रशने धुवा. माती किंवा मेलेले किडे सापडले तर तुमच्या खर्चाने पुन्हा धुलाई. क्लच आणि ॲक्सिलरेटरची जादा केबल जुनीच्या शेजारी आधीच ओवून ठेवा. तुटली की फक्त टोकं जोडायची. आंतरराष्ट्रीय परवान्याची मुदत वर्षाचीच, आरटीओत जायची घाई करू नका.

*

पैशांचं थोडक्यात. एटीएम ‘रुपयांत आकारू का’ असं विचारतं, तिथे नेहमी नाही म्हणा आणि स्थानिक चलन निवडा. ओटीपी भारतीय नंबरवर येतो, म्हणून रोमिंग निघण्याआधी चालू करा आणि रिचार्ज संपू देऊ नका. दोन बँकांची कार्डं दोन वेगळ्या बॅगांत.

*

खाण्या-औषधांबद्दल. दुबई आणि सिंगापूरमार्गे जाताना खसखस अजिबात नको, तिथे ती अमली पदार्थांत मोडते. अनारसे आणि घरच्या मसाल्याची पुडी तपासा. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, चिलीत खाण्याचं सगळं फॉर्मवर लिहा. लिहिलेलं फार तर काढून घेतात, लपवलेल्याला दंड. ताजा कढीपत्ता आणि पेढे घरीच ठेवा. भाजणी, मेतकूट बंद पाकिटात, नावाचं लेबल लावून. दक्षिण अमेरिकेत ‘सिन कार्ने’ (मांसाविना) म्हटलं तरी चिकन येतं, कारण कार्ने म्हणजे त्यांच्या लेखी गोमांस. ‘सिन पोयो, सिन हामोन, सिन पेस्कादो’ (चिकन, हॅम, मासे नकोत) एवढं सगळं म्हणावं लागतं.

डॉक्टरांकडून चिठ्ठी औषधाच्या मूळ नावाने घ्या, आपले ब्रँड बाहेर कोणी ओळखत नाही. जपानमध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीची औषधं एका महिन्याहून जास्त न्यायची तर आधी परवानगी लागते. पीतज्वराची लस घेतल्यावर १० दिवसांनी दाखला लागू होतो आणि आता तो आयुष्यभर चालतो. पेरू, ब्राझील, केनियाहून थेट भारतात उतरताना तो नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

*

आंतरराष्ट्रीय वाररेषेचं कोणीच लिहिलं नाही. ऑकलंडहून पूर्वेला निघालात की स्थानिक घड्याळाप्रमाणे बहुधा निघाल्याच्या वेळेच्या आधीच पोचता, उलट दिशेने एक तारीख गायब होते. हॉटेलचं बुकिंग आणि व्हिसाची पहिली तारीख उतरण्याच्या ठिकाणच्या कॅलेंडरने लावा. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी असेल तर वार बघू नका, सात दिवस मोजा.