फॉस्फरस सतत कमी आणि हाडे दुखतात : मूळ एखाद्या गाठीत असू शकते का?

कृष्णाकाठ :
माझे थोरले बंधू ४४ वर्षांचे असून गेली तीन वर्षे त्यांची कंबर, खुबे आणि बरगड्या दुखत आहेत. आधी संधिवात म्हणून, मग ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता म्हणून उपचार झाले. जीवनसत्त्वाची पातळी सुधारली, दुखणे मात्र वाढतच गेले आणि यंदा कुठेही न पडता त्यांच्या मांडीच्या हाडाला तडा गेला. नव्या डॉक्टरांनी उपाशीपोटी रक्त तपासले, तेव्हा फॉस्फरस १.४ निघाले, कॅल्शियम मात्र ठीक होते. शरीरात कुठेतरी संप्रेरक सोडणारी गाठ असावी, अशी त्यांना शंका आहे. एवढीशी गाठ हाडे मोडू शकते का, आणि ती शोधायची कशी?

संप्रेरकवैद्य :
होय, असे होऊ शकते. आपल्या डॉक्टरांनी फॉस्फरस तपासले, हे फार मोलाचे झाले, कारण नेहमीच्या तपासण्यांत ते अनेकदा वगळले जाते. प्रौढांत ते दर डेसिलीटर रक्तात साधारण २.५ ते ४.५ मिलिग्रॅम असते. हाडांतून स्रवणारे एफजीएफ-२३ हे संप्रेरक मूत्रपिंडांना फॉस्फेट लघवीवाटे सोडायला लावते आणि ‘ड’ जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप तयार होऊ देत नाही. क्वचित एखादी गाठ, बहुधा कर्करोगाची नसलेली, हेच संप्रेरक बेसुमार स्रवते. मग हाडांत खनिज भरत नाही व ती मऊ पडतात. नुसत्या ‘ड’ जीवनसत्त्वाने बंधूंना गुण आला नाही, तो बहुधा यामुळेच. १९५९ मध्ये आंद्रेया प्राडर या स्विस डॉक्टरांनी एका मुलीच्या बरगडीतील गाठ काढल्यावर तिचा मुडदूस बरा झाल्याचे नोंदवले होते. त्यामागचे संप्रेरक हेच, हे २००१ च्या सुमारास उलगडले.

मात्र स्कॅनची घाई करू नये. आधी रक्त आणि लघवी एकाच वेळी तपासून फॉस्फेट मूत्रपिंडांतूनच वाया जाते आहे, याची खात्री करावी. टेनोफोविर हे औषध किंवा शिरेतून दिलेले फेरिक कार्बोक्सीमाल्टोज हे लोह यांनीही फॉस्फरस घटते, तेव्हा जुनी औषधे डॉक्टरांना जरूर सांगावीत. घरात कोणाला लहानपणापासून मुडदूस होता का, हेही आठवून पाहावे.

पायवाट :
मी स्वतः यातून गेले आहे, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगते. माझा पहिला पेट-स्कॅन नेहमीच्या पद्धतीने डोक्यापासून मांडीपर्यंतच झाला आणि अहवालात काही नाही असे लिहून आले. दुसऱ्यांदा गॅलियम डोटाटेट हे किंचित किरणोत्सारी द्रव्य वापरून टाळूपासून तळपायापर्यंत स्कॅन केला, तेव्हा डाव्या टाचेजवळ सुपारीएवढी गाठ दिसली. ती बरीच वर्षे हाताला लागत होती, पण मी तिला घट्टा समजत होते. शस्त्रक्रियेनंतर आठवड्याभरात फॉस्फरस सुधारले. काठीशिवाय चालायला मात्र पाच महिने लागले. बंधूंचे तळपाय, बोटांच्या बेचक्या, हिरड्या आणि जबडा हाताने चाचपून पाहावेत, ही कळकळीची विनंती.

संप्रेरकवैद्य :
हा अनुभव अगदी नेमका आहे. या गाठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाला पकडणारे ग्राही रेणू असतात, म्हणून डोटाटेट त्यांना चिकटते. जबडा आणि नाकालगतच्या पोकळ्यांतही त्या आढळतात. गाठ भोवतालच्या थोड्या निरोगी भागासह पूर्ण काढावी लागते, नाहीतर ती पुन्हा वाढू शकते. ती सापडेपर्यंत फॉस्फेट दिवसातून अनेकदा विभागून आणि सोबत कॅल्सिट्रिऑल, म्हणजे ‘ड’ जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप, देतात. अशा वेळी कॅल्शियम व मूत्रपिंडांवर लक्ष ठेवावे लागते. बुरोसुमॅब हे इंजेक्शन थेट एफजीएफ-२३ ला अडवते. ज्यांची गाठ सापडत नाही किंवा पूर्ण काढता येत नाही, अशांसाठी अमेरिकेत त्याला २०२० मध्ये मान्यता मिळाली, पण ते अतिशय महाग आहे.

कृष्णाकाठ :
आपणा दोघांचे मनापासून आभार. दादाला आज विचारले, तर उजव्या वरच्या दाढेमागे हिरडीत एक टणक फुगवटा दोन वर्षांपासून असल्याचे त्याने सांगितले. दुखत नाही म्हणून तो कधी बोलला नव्हता. सोमवारी लघवीची तपासणी आहे, तेव्हा हा फुगवटा डॉक्टरांना दाखवणार आहे आणि स्कॅन पायांसकट करण्याची सूचना चिठ्ठीवर लिहून घेणार आहे.