पेरूचे प्राचीन मच्छीमार: मासळीवर मोठी वसाहत जगू शकते का?

प्रश्न: इंका साम्राज्याच्या सुमारे चार हजार वर्षे आधी पेरूच्या किनाऱ्यावर भव्य वास्तू उभारणाऱ्या समाजांचा पाया मासेमारी हाच होता, असे पुरातत्त्वज्ञ मायकेल मोझली यांनी १९७५ मध्ये मांडले. धान्याच्या कोठारांविना एवढे मनुष्यबळ पोसले गेले, हे मला अजून पटत नाही. उत्खननात याला काय आधार आहे?

प्रतिसाद १: आधार आहे, पण तो अतिशय बारीक आहे. काराल हे इ.स.पू. २६०० च्या सुमाराचे नगर समुद्रापासून वीसेक किलोमीटर आत असूनही तेथे अँचोव्ही आणि सार्डिन या छोट्या माशांची हाडे, तसेच शिंपले सापडतात. अँचोव्हीचा मणका इतका लहान असतो की जाड जाळीच्या चाळणीतून तो मातीबरोबर निघून जातो. म्हणून चाळणी कोणती वापरली, हे मी सर्वांत आधी पाहतो. पेरूच्या किनाऱ्याजवळून वाहणाऱ्या हम्बोल्ट या सागरी प्रवाहामुळे खोलवरचे थंड, पोषक पाणी वर येते आणि ही मासळी किनाऱ्यालगत थव्यांनी मिळते.

प्रतिसाद २: कापूस विसरू नये. पुरातत्त्वज्ञ ज्युनियस बर्ड यांनी १९४६ मध्ये पेरूच्या किनाऱ्यावरील वाका प्रिएता येथे उत्खनन सुरू केले, तेव्हा सुती जाळी आणि तरंगण्यासाठी बांधलेले भोपळे मिळाले. कापूस आणि भोपळा ही दोन्ही पिकेच आहेत, त्यामुळे हे समाज शेतीविना जगले असे म्हणणेच मला चुकीचे वाटते.

प्रश्नकर्ता: आपले म्हणणे मान्य आहे. मात्र एल निन्योच्या काळात पाणी तापून अँचोव्ही दूर जाते, तेव्हा ही माणसे कशावर जगत?

प्रतिसाद १: रताळी, शेंगा, भोपळे आणि उबदार पाण्याबरोबर येणारे इतर मासे यांवर जगणे शक्य होते.