शब्दचर्चा: 'तार उतरवा' म्हणजे सूर की उंची?

प्रश्न (परभणी): आमच्या दुकानात पेट्या, तबले, तंबोरे दुरुस्तीला येतात. परवा एक डबल बेस आला, म्हणजे उभं धरून वाजवायचं व्हायोलिनसारखं भलंमोठं वाद्य. गिऱ्हाईक म्हणतंय, "तार उतरवून द्या, बोटं दुखायलीत." आम्ही तार उतरवणे म्हणजे सूर उतरवणे समजतो. त्याला ते नको असणार. मग नेमका शब्द कोणता, आणि उतरवायची तरी किती?

उत्तर (लातूर): दादा, शंका रास्त आहे. आपल्याकडे तार चढते-उतरते ती खुंटीवर. तुम्ही खुंटी सैल केली असती तर बेस बेसूर झाला असता आणि बोटांचं दुखणं मुळातून गेलं नसतं. त्याला हवंय ते तार आणि फिंगरबोर्ड (बोटांनी तार दाबायची लांब पट्टी) यांच्यातलं अंतर कमी करून. वाजवणारे याला 'ॲक्शन' म्हणतात. मी 'तारेची उंची' म्हणेन आणि कामाला 'घोडी उतरवणे'. घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी; ती म्हटली की कारागिराचा हात आपोआप योग्य जागी जातो.

'जवारी', म्हणजे घोडीवर साधलेला तारेचा झंकार, मात्र इथे आणू नका. तंबोऱ्याची घोडी पसरट. तिच्यावर दोरा सारून आपण झंकार मुद्दाम काढतो. बेसची घोडी मेपलची, उभी, माथ्याला कमानदार, तार खाचेत बसलेली. तिथे झणझण ऐकू आली तर बहुधा तार फिंगरबोर्डवर आपटतेय. तो दोषच.

फिंगरबोर्डच्या घोडीकडच्या टोकाला मोजा. स्टीलच्या तारा असतील तर बारीक 'जी' तारेखाली साधारण ५ ते ६ मिमी, जाड 'ई' तारेखाली ८ ते ९ मिमी. जाड तार रुंद थरथरते, तिला जागा जास्त लागते. आतड्याच्या तारांना याहून जास्त ठेवतात. गज जोरात ओढणाराही थोडी उंचीच मागतो. म्हणून आधी विचारा, तो बोटांनी वाजवतो की गजाने.

तुळजापूरहून: आमच्या गोंधळ्यांच्या तुणतुण्याला घोडी नसतेच. तार चामड्यातून निघून थेट काठीच्या खुंटीला. तिथे उंचीला काय म्हणायचं?

लातूर: तिथे तार बोटाने पट्टीवर दाबायचीच नाही, म्हणून या अर्थाच्या शब्दाची गरजच पडली नाही. चढवणे-उतरवणे तिथे सुरापुरतंच.

परभणीच्या दादांना अजून एक. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा. त्यात बेसचं पोट, म्हणजे घोडीखालची फळी, किंचित खाली बसतं, पावसाळ्यात दमटपणाने फुगून घोडीला वर उचलतं. श्रावणात घोडी तासून तार अगदी खाली आणली, तर एप्रिलात ती फिंगरबोर्डला लागेल. तासलेलं लाकूड परत येत नाही. घोडीच्या पायांत फिरवायच्या चकत्या बसवून घेणं मला जास्त पटतं. आणि चारही तारा एकदम काढू नका. आतली साउंडपोस्टची काठी डिंकाने चिकटवलेली नसते, दाबावरच उभी असते, ती पडते.

परभणी: विचारलं. बोटांनीच वाजवतो. खाली घोडीकडे त्रास नाही म्हणतो, वर खुंट्यांजवळ पहिल्या सुरांनाच जोर लागायलाय.

लातूर: मग आधी घोडीला हात लावू नका. खुंट्यांकडचा नट, म्हणजे तारा जिच्या खाचांतून खुंट्यांकडे जातात ती छोटी पट्टी, बघा. तिथे तारेखाली व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकीच फट हवी. जास्त दिसली तर गोल कानशीने खाच थोडी थोडी खोल करा, दर वेळी तार बसवून बघत.