करार 'रॅटिफाय' झाला म्हणजे मराठीत त्याचं नेमकं काय झालं?

अर्धविराम :
एक अडलेलं काम घेऊन आले आहे. युरोपीय संघ आणि युक्रेन यांच्यातल्या असोसिएशन करारावरचा एक लांबलचक लेख मराठीत करतेय. काल संपादकांचा फोन आला. "ताई, या एकाच करारावर तुम्ही चार वेळा शिक्कामोर्तब केलंय. नक्की झालं कधी?"

मोजून पाहिलं तर खरंच चार. ३० मार्च २०१२ ला ब्रुसेल्समध्ये वाटाघाटी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी मसुद्यावर नुसती आद्याक्षरं टाकली, तिथे एक. २०१४ मध्ये सह्या झाल्या, त्याही दोन हप्त्यांत (राजकीय भाग २१ मार्चला, उरलेला २७ जूनला), तिथे दुसरं. १६ सप्टेंबर २०१४ ला कीव्हच्या राडानं (युक्रेनची संसद) आणि युरोपीय संसदेनं एकाच दिवशी मतदान केलं, तिथे तिसरं. आणि १ सप्टेंबर २०१७ ला करार पूर्णपणे लागू झाला, तिथे चौथं. मधली तीन वर्षं तो 'तात्पुरता' लागू होता, त्याला मी काय म्हटलंय ते सांगायची लाज वाटते.

मूळ लेखात प्रत्येक पायरीला वेगळा शब्द आहे. सगळ्यात जास्त अडलंय ते रॅटिफिकेशनपाशी, म्हणजे सही झालेल्या कराराला देशाने शेवटचा, बांधून घेणारा होकार देणं. हिंदीत 'अनुसमर्थन' म्हणतात, पण मराठीत ते वाचलं की कोणीतरी कोणाच्या तरी मागे उभं राहून घोषणा देतंय असं वाटतं. सुचवा.

चहाटळ :
सोपं आहे हो. इनिशियल म्हणजे याद्या झाल्या. सही म्हणजे साखरपुडा. रॅटिफिकेशन म्हणजे लग्न. आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून काही भाग तात्पुरता लागू, म्हणजे मुलगी लग्नाआधीच नांदायला गेली.

अर्धविराम :
हसले. पण वरपक्षात २८ घरं होती (संघाचे तेव्हाचे सदस्य देश), आणि प्रत्येकाने आपापल्या घरी वेगळा होकार द्यायचा होता. असं लग्न मी तरी पाहिलेलं नाही. शिवाय २०१३ च्या नोव्हेंबरात युक्रेनचे तेव्हाचे अध्यक्ष यानुकोविच यांच्या सरकारने सहीच्या आठवडाभर आधी माघार घेतली, त्यावरून कीव्हच्या मैदानात लोक जमले आणि पुढे शंभरावर माणसं गेली. लेखात साखरपुडा चालणार नाही.

चहाटळ :
मान्य. मागे घेतो.

टिपणीकारकून :
माझी ३४ वर्षं सहकार खात्याच्या फायलींत गेली, म्हणून सांगतो. मराठीत हा शब्द आहे आणि आपण सगळ्यांनी तो वर्षातून एकदा तरी ऐकलेला आहे. कोणत्याही सोसायटीच्या सभेच्या नोटिशीत विषय क्रमांक १ काय असतो? "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे." ठराव तेव्हाच झालेला असतो, लिहूनही झालेला असतो, पण पुढच्या सभेने 'कायम' केल्याशिवाय त्याला हात लावता येत नाही. रॅटिफिकेशन म्हणजे दुसरं काय? राडाने करार कायम केला. झालं.

अर्धविराम :
काका, 'कायम' सुंदर आहे. पण "राडाने करार कायम केला" हे वाचल्यावर वाचक म्हणेल की करार रद्द होणार होता, तो कायम ठेवला.

टिपणीकारकून :
कायम ठेवणे वेगळे, कायम करणे वेगळे. नोकरीत माणूस कायम होतो, त्याला कायम 'ठेवत' नाहीत. वाचकाला एवढं कळत नसेल तर त्याने करार वाचू नये.

शुद्धमती :
'कायम' अरबी, 'करार' अरबी, 'शिक्का' अरबी, 'मोर्तब' अरबी. एका वाक्यात मराठीला जागा ठेवा थोडी. छत्रपतींनी रघुनाथपंत हणमंत्यांकडून फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो कशासाठी? 'अनुमोदन' हा स्वच्छ शब्द समोर असताना कायमबियम कशाला?

तळटीप :
अनुमोदनात गोची आहे. सभेत एक सूचक असतो, एक अनुमोदक असतो. ठराव मांडायला पहिला, हात वर करायला दुसरा. 'संसदेने अनुमोदन दिले' म्हटलं की संसद फक्त 'हो हो, मांडा' म्हणाली असा अर्थ निघतो. ठराव अजून मतालाच टाकलेला नसतो.

आणि मूळ प्रश्नातच एक दुरुस्ती. १६ सप्टेंबर २०१४ ला राडाने केलं ते रॅटिफिकेशन. युरोपीय संसदेने त्या दिवशी केलं ते रॅटिफिकेशन नव्हे. तिने 'संमती' दिली. संघाच्या वतीने करार पुरा करण्याचं काम मंत्रिपरिषदेचं. ते झालं ११ जुलै २०१७ ला, सगळ्या सदस्य देशांचे होकार जमल्यावर. त्यामुळे तुमचे चार शब्द कमी पडतात, किमान सहा लागतील.

अर्धविराम :
धन्यवाद (असं म्हणायची पद्धत आहे म्हणून).

मोडीवाला :
शिक्कामोर्तबावरून भांडताय, पण मूळ कागद कोणी पाहिलाय का? जुन्या पत्रात डोक्यावर शिक्का असतो आणि मजकूर संपला की शेवटी मोर्तब. पेशवाईच्या कागदांत तळाला 'मोर्तब सुद' दिसतं, म्हणजे 'रीतसर पुरं झालं'. शिवाजी महाराजांच्या पत्रात वर प्रतिपच्चंद्रलेखेव आणि खाली 'मर्यादेयं विराजते', काम तेच. मजकूर इथे संपला, आता खाली कोणी शहाण्याने एक ओळ घुसवायची नाही. म्हणजे शिक्कामोर्तब हे कागद पुरा झाल्याचं चिन्ह आहे, दुसऱ्या कोणी तो मान्य केल्याचं नव्हे. तुमच्या चार जागांपैकी फक्त सहीच्या जागी ते चालेल. बाकी तीन काढा.

शुद्धमती :
म्हणजे फारसी शिक्क्याऐवजी संस्कृत मुद्रा आली हे तुम्हीच सिद्ध केलंत.

मोडीवाला :
आणि पुढे पेशवाईत 'मोर्तब सुद' तसंच राहिलं, हेही. कोश करून शब्द जात नाहीत, बाई. आणि बाकीचं सांगतो. आपल्याकडे हा प्रकार नवा नाही. सालबाईचा तह १७ मे १७८२ ला महादजी शिंदे आणि डेव्हिड अँडरसन यांच्यात ठरला. कंपनीचा गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने जूनमध्येच मान्य करून टाकला. नाना फडणवीसांनी तो पक्का केला फेब्रुवारी १७८३ मध्ये. नऊ महिने! मधे डिसेंबरात हैदर अली वारला. तोवर नाना हैदरकडे एक डोळा ठेवून होते, तह हातात असून नसल्यासारखा. नानांना रॅटिफिकेशन शब्द माहीत नसेल, पण ते रोखून धरायचं कसं हे त्यांच्याकडून शिकावं.

अर्धविराम :
हे फार उपयोगी. म्हणजे 'तह ठरला' आणि 'तह पक्का केला'. 'पक्का' चालेल का लेखात?

शुद्धमती :
पक्का रस्ता, पक्का माल, पक्की नोकरी, पक्का करार. वा.

चहाटळ :
'तहकूब'सुद्धा तहातूनच आलाय का? तह खूप झाला की तहकूब.

मोडीवाला :
नाही. त्याचा तहाशी काही संबंध नाही. कृपया.

उत्रेख्तकर :
मी नेदरलँड्समध्ये राहतो, त्यामुळे या करारावर इथे काय झालं ते जवळून पाहिलंय. ६ एप्रिल २०१६ ला इथे सार्वमत झालं. शेजारच्या आजींसोबत मतदान केंद्रावर गेलो होतो (मला मत नव्हतं, त्यांना गुडघे नव्हते). इथे मतपत्रिकेवर लाल पेन्सिलने गोल भरतात. पेन्सिलने! 'बाजूने', 'विरोधात' आणि 'कोरं' असे तीन पर्याय. आजी बराच वेळ आत होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, प्रश्न कराराबद्दल नाहीच, कायद्याबद्दल आहे. खरं होतं. करार संमत करणाऱ्या कायद्याच्या तुम्ही बाजूने की विरोधात, असा प्रश्न होता. डच भाषेत संसदेची 'मंजुरी' आणि नंतर सरकारने दिलेलं 'पक्केपण' यांना दोन वेगळे शब्द आहेत. लोकांना विचारलं ते फक्त पहिल्याबद्दल. ६१ टक्के विरोधात गेले. मतदान ३२ टक्क्यांच्या आसपास, वैध ठरायला ३० हवे होते. म्हणून मला वाटतं मराठीतही दोन शब्द हवेत. संसद 'मंजूर' करते, राष्ट्र 'पक्का' करतं.

टिपणीकारकून :
पेन्सिलीवरून आठवलं. पूर्वी जमिनीची खरेदी झाली की तलाठी फेरफार घालायचा आणि सातबाऱ्यावर नोंद पेन्सिलने करायचा. नोटीस निघायची, हरकतीला १५ दिवस. हरकत नसली की मंडळ अधिकारी फेरफार 'प्रमाणित' करायचा आणि मग तीच नोंद शाईने. तोवर जमीन कसायला कोणी अडवत नसे. ताई, तुमची तात्पुरती अंमलबजावणी म्हणजे 'पेन्सिलची नोंद'. आमच्या गावात एका भावकीची पेन्सिल ११ वर्षं टिकली.

अर्धविराम :
काका!! व्यापाराचा भाग १ जानेवारी २०१६ पासून असाच पेन्सिलने लागू झाला होता. हे तळटिपेत तरी नक्की घालणार.

तळटीप :
माझ्यात?

मांडवीकाठ :
उत्रेख्तकर, 'सार्वमत' लिहिलंत म्हणून बोलते. आम्ही गोंयकार १६ जानेवारी १९६७ च्या मतदानाला 'जनमत कौल' म्हणतो. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, नाही तर दोन पानं. आई सांगायची, फुलाच्या माणसांनी घराच्या उंबऱ्यावर फुलं ठेवली होती आणि आजीने ती उचलून देवाला वाहिली. दोन पानांना मत दिलं म्हणे. सार्वमत म्हटलं की त्यात ताकद वाटते, कौलात विचारणा असते. नेदरलँड्सचं मतदान सल्ल्यापुरतंच होतं ना? मग तो कौल.

उत्रेख्तकर :
सल्ल्यापुरतंच, बरोबर. पण कौल म्हणजे तर निकाल ना? 'जनतेचा कौल' आपण निवडणुकीच्या निकालालाच म्हणतो.

मांडवीकाठ :
नाही ओ. देवळात कौल लावतात तेव्हा देवाला विचारतात. मूर्तीला पाकळ्या चिकटवतात, उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. आणि डावा आला म्हणून गाऱ्हाणं थांबत नाही. गुरव प्रश्न थोडा बदलून परत लावतो.

उत्रेख्तकर :
हे तर हुबेहूब! डिसेंबर २०१६ मध्ये तेव्हाचे डच पंतप्रधान रुट्टेंनी बाकी नेत्यांकडून लिहून घेतलं : या करारातून युक्रेनला संघाचं सदस्य होण्यासाठी उमेदवाराचा दर्जा मिळत नाही, लष्करी मदतीची जबाबदारी येत नाही, तिथल्या लोकांना इथे येऊन राहायचा हक्क मिळत नाही. कराराचं एक अक्षर बदललं नाही. ३० मे २०१७ ला वरिष्ठ सभागृहाने मंजूर केला. प्रश्न बदलून परत कौल लावला, उजवा आला.

मोडीवाला :
कौल हा पण अरबीच बरं का. कौल म्हणजे शब्द, वचन. कौलनामा म्हणजे सरकारने रयतेला दिलेलं अभयपत्र. कौल देणारा वर असतो. लोकांनी सरकारला कौल द्यायचा ही उलटी गंगा अलीकडची.

शुद्धमती :
आणि छपरावरचं कौल?

मांडवीकाठ :
ते मंगळुरी.

चहाटळ :
😂

पुरणपोळी :
उशिरा आले, सगळं वाचलं. सगळे रॅटिफिकेशनवर तुटून पडलेत, पण 'वाटाघाटी'कडे कोणीच पाहिलं नाही. २००७ मध्ये सुरू होऊन २०१२ पर्यंत चाललेलं ते. परिशिष्टांसकट दोन हजारांहून जास्त पानं, ४८६ कलमं. माझे वडील सांगायचे, वाटाघाट म्हणजे वाट आणि घाट. वळणावळणाने जायचं. माझी आई म्हणायची, अजिबात नाही, वाटणे आणि घाटणे. पुरण पाट्यावर वाटायचं, वरण रवीने घाटायचं. गुठळी राहिली की घाटलं नाही. मला आईचं पटतं, कारण करारातली सगळी भांडणं राहिलेल्या गुठळ्यांवरूनच होतात.

टिपणीकारकून :
वरण घोटतात. घाटत नाहीत.

पुरणपोळी :
आमच्याकडे घाटतात.

टिपणीकारकून :
कुठे आलं तुमच्याकडे?

तळटीप :
मूळ प्रश्न बाजूला पडतोय. अजून एक : करार लागू होण्याची तारीख ही शेवटच्या मतदानावरून नव्हे, तर मान्यतेचा शेवटचा दस्तऐवज जमा झाल्यावर पुढच्या दुसऱ्या महिन्याच्या पहिल्या तारखेवरून ठरते. जुलै २०१७ मध्ये जमा, म्हणून १ सप्टेंबर. 'दस्तऐवज जमा करणे' हा सातवा शब्द.

उत्रेख्तकर :
सहीवरून एक राहिलं. २७ जून २०१४ ला युक्रेनचे तेव्हाचे अध्यक्ष पोरोशेंको सही करायला बसले तेव्हा त्यांनी एक पेन दाखवलं होतं. त्यावर विल्निअस (२०१३ मध्ये सही व्हायची होती ते शहर) आणि २९ नोव्हेंबर असं कोरलेलं होतं. म्हणजे सात महिन्यांपूर्वी ज्या सहीसाठी ते केलं, ती झालीच नाही. त्याच पेनाने त्यांनी सही केली. लेखात असेल तर 'स्वाक्षरी' लिहू नका, 'सही'च लिहा.

शुद्धमती :
'सही'ही अरबी.

उत्रेख्तकर :
सही पकडे है.

शुद्धमती :
हे तर हिंदी.

अर्धविराम :
सगळ्यांचे आभार. काल रात्री मसुदा पाठवला : आद्याक्षरी, सही, मंजुरी, पक्का करणे, आणि मधल्या काळाला 'पेन्सिलचा अंमल', अवतरणचिन्हांत. आज सकाळी संपादकांनी पानं परत पाठवली. पाचही ठिकाणी 'मान्यता' केलंय. शीर्षक : 'अखेर शिक्कामोर्तब'.

पुरणपोळी :
अरेरे.
टिपणीकारकून काका, आम्ही मूळ वाईचे.

टिपणीकारकून :
मग असेल. कृष्णाकाठी घाटत असतील.